तीन नंबरचा बावटा लागलाय : अरबी समुद्रातली हालचाल आणि पुढचे चार-पाच दिवस

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

पहाटे जेटीवर गेलो तर तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरावर चढवतात तो वादळी हवेचा इशारा. परतीचा पाऊस आटोपला म्हणून आमच्या आळीत ताडपत्र्यांच्या घड्याही झाल्या होत्या. घरी येईपर्यंत फोनवर सात मेसेज : "वादळ येतंय का हो?"

आत्ता इतकंच आहे : लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र झालंय आणि ते वायव्येकडे सरकत तीव्र होईल असं हवामान खात्याचं बुलेटिन सांगतं. कोकण-गोव्याला पुढचे काही दिवस विजांसह पाऊस, काही ठिकाणी जोरदार. मासेमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं.

"येणार की नाही" हा प्रश्न मी स्वतःला विचारतच नाही. वारा कुठल्या दिशेचा, लाट किती आणि भरती किती वाजता, एवढंच बघतो. वादळ ओमानला गेलं तरी आपल्या जेटीवरची बोट फुटू शकते. किनाऱ्यावरच्या माणसाला नकाशावरच्या ठिपक्यापेक्षा या तीन गोष्टी जास्त कळायला हव्यात.

ज्यांना जे दिसतंय ते इथे लिहा. फॉरवर्ड टाकू नका.

निंबस | मंगळवार, सकाळी ८:१५

धागा काढलात हे बरं केलंत. थोडी भर घालतो, कारण बातम्यांत कमी दाबालाही वादळ म्हणतात आणि चक्रीवादळालाही.

आपल्याकडे पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशी ३१ किमीच्या आत असेल तर कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ झालं की डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ ओलांडलं की चक्रीवादळ, आणि नाव तेव्हाच मिळतं. म्हणून आज कुणी नावासकट मेसेज पाठवला तर तो तिथेच पुसा. ८९ पासून पुढे तीव्र, ११८ पासून अति तीव्र, आणि २२२ च्या वर सुपर सायक्लोन. हे वेग तीन मिनिटांच्या सरासरीचे असतात. मधले झोत याहून जास्त असतात, आणि कौलं झोतानेच उडतात.

आंबराई | मंगळवार, सकाळी ९:०२

आमच्या ग्रुपवर "मुंबईवर सुपर सायक्लोन, २४० च्या वेगाने" असं फिरतंय. सोबत लालभडक चित्र. खरं आहे का?

निंबस | मंगळवार, सकाळी ९:२०

ते चित्र बहुतेक हवामानाचा अंदाज काढणाऱ्या एखाद्या संगणकी मॉडेलच्या दहाव्या दिवसाचं असणार. विंडी या हवामानाच्या साइटवर नकाशा दहा दिवस पुढे सरकवला की ऑक्टोबरात एखादं भोवरं दिसतंच. सहा तासांनी तेच मॉडेल ते पुसून टाकतं. मी पाच दिवसांपुढचं बघतो जरूर, पण कुणाला सांगत नाही.

२४० चा आकडा मात्र कुठून आला ते ओळखतो. २०१९ चं क्यार चक्रीवादळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते रत्नागिरीच्या पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटरवर होतं, तेव्हा नुकतं वाढत होतं. सुपर सायक्लोन झालं ते २७ तारखेला, आपल्यापासून दूर गेल्यावर. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात तसं पहिलंच. आणि जमिनीवर न येताच ते पुढे समुद्रातच विरलं. म्हणजे आकडा खरा, गाव खोटं.

शेतबांध | मंगळवार, सकाळी १०:०५

जमिनीवर आलं नाही हे खरं, पण आमचं काय झालं ते विसरू नका. त्याच क्यारच्या पावसात कापून टाकलेलं भात शेतात तरंगत होतं. दाण्याला मोड आले. पेंढाही गेला. टीव्हीवर "धोका टळला" आणि इथे खळ्यात चिखल.

माझा प्रश्न सरळ आहे. हळवं (लवकर पिकणारं) भात घरात आलंय. निमगरवं (त्यानंतर पिकणारं) पिकून उभं आहे. कापू की थांबू?

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी १०:४०

भाऊ, तुमच्या प्रश्नाला मॉडेल पुरं पडत नाही, तरी मला वाटतं ते सांगतो. जेवढं आज कापून आज संध्याकाळी उचलता येईल तेवढंच कापा. उद्यावर भरवसा ठेवून आडवं पाडू नका. उभं भात पावसात लोळतं, पण पाण्यात पडलेल्या भातापेक्षा ते बरं. कापलेलं असेल तर भाऱ्यांची उडवी उंचवट्यावर रचा, खालून पाणी लागू देऊ नका.

जिल्ह्याच्या इशाऱ्यात रंग बघताना एक ध्यानात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं सोडून हालचाल करा. जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर, अति जोरदार ११५.६ च्या वर, आणि २०४.५ ला अतिवृष्टीची टोकाची पायरी. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळे मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारच्या आकड्यात दिसतो आणि लोक भांडत बसतात.

पोटमाळा | मंगळवार, दुपारी ४:१०

मी नवीन. फोनमध्ये हवेचा दाब दाखवणारं ॲप टाकलंय. सकाळी दहाला १०११ मिलिबार होता, आता चारला १००८!! तीनने पडला. सामान बांधू का?

निंबस | मंगळवार, दुपारी ४:३५

बसा, चहा घ्या. आपल्या पट्ट्यात दाब रोजच असा झोके घेतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे चारला आणि दुपारी चारला खाली. आकाश निरभ्र असलं तरी दोन-तीन मिलिबारचा फरक पडतोच. तुम्ही नेमकं शिखरावरून तळाशी मोजलंत.

आजचा चारचा आकडा उद्याच्या चारच्या आकड्याशी ताडून बघा. त्याच वेळेला रोज खाली जात असेल तर बातमी आहे. आणि रोजचा झोकाच बुजला, म्हणजे रात्री दहाला दाब वर यायला हवा तो आलाच नाही, तर मला इथे लगेच कळवा.

पोटमाळा | मंगळवार, दुपारी ४:४१

हे शाळेत का नाही सांगितलं कुणी!

बंदरावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

माका काय ह्या बरा दिसणा नाय. दुपारी दीड वाजतासुद्धा वारो डोंगरासून समुद्रात जाय हुतो. ऑक्टोबरात दुपारी समुद्रावरचो वारो येवक व्हयो.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ९:५५

ही आजची सगळ्यात कामाची नोंद. ज्यांना मालवणी कळलं नाही त्यांच्यासाठी : या दिवसांत दुपारी समुद्रावरून खारा वारा, रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई, असा रोजचा पाळणा असतो. जमीन तापते, समुद्रावरून वारा आत येतो. आज भर दुपारी वारा पूर्वेचा होता. म्हणजे जमिनीच्या तापण्यापेक्षा मोठं काहीतरी त्याला ओढतंय.

एक जुनी रीत आहे, बाईज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेली. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. आपल्या गोलार्धात कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला. आज पूर्वेचा वारा, पाठ डोंगराकडे, तोंड समुद्राकडे, डावा हात दक्षिणेला. केंद्र दक्षिणेलाच आहे. फोन बंद पडला तरी हे चालतं. फक्त उघड्यावर उभे राहा, इमारतींच्या बोळात नको.

पुढे वारा पूर्वेकडून आग्नेय आणि मग दक्षिण असा फिरत गेला, तर समजा केंद्र आपल्या समोरून, समुद्रातूनच, उत्तरेला निघालंय. उलट पूर्वेकडून ईशान्य आणि उत्तर असा फिरला तर ते आपल्या दक्षिणेला जमिनीवर शिरतंय.

आंबराई | बुधवार, सकाळी ७:१५

रात्री विजा फार. पाऊस अर्धा तास, पण धो धो. वीज गेली ती अजून नाही. बातमीत म्हणतात डिप्रेशन झालं.

बावट्याबद्दल विचारायचं होतं. तीन म्हणजे दहापैकी तीन ना? म्हणजे तीस टक्के?

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ८:००

नाही ताई, आणि हा गैरसमज बंदरावरसुद्धा आहे. बावट्याचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत.

एक आणि दोन हे दूरचे. समुद्रात लांब काहीतरी आहे, बंदराला थेट काही नाही, पण बाहेर पडणाऱ्या जहाजांनी जपावं. तीन आणि चार स्थानिक. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा येऊ शकतो. चार म्हणजे बंदराला वादळाचा धोका आहे, पण टोकाची खबरदारी घ्यायची वेळ अजून आलेली नाही. पाच, सहा, सात धोक्याचे. आठ, नऊ, दहा महाधोक्याचे. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

आता गंमत बघा. पाच आणि सहा यांत कमी-जास्त नाही, बाजू वेगळी आहे. वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणार असेल तर पाच, उजवीकडे ठेवून जाणार असेल तर सहा, बंदरावरूनच किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात. आठ-नऊ-दहाचं तसंच, फक्त वादळ तीव्र. आणि आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटेची उजवी बाजू जास्त मार देते, कारण तिकडे भोवऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग एकमेकांत मिसळतात. आपल्या समोरून उत्तरेला जाणारं वादळ सगळ्या कोकणाला उजव्या हाताला ठेवून जातं. म्हणून चारशे किलोमीटर लांबचं वादळही आपल्याला पुसत जातं.

अवांतर : नाव बावटा असलं तरी तो कापडाचा झेंडा नसतो. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे.

निंबस | बुधवार, सकाळी ११:३०

आता वाटेबद्दल. सध्याची रेघ पश्चिम-वायव्येला आहे, म्हणजे ओमान-येमेनच्या बाजूला. पावसाळ्यानंतरची अरबी समुद्रातली बरीच वादळं तिकडेच जातात. २०१८ चं लुबान, २०२३ चं तेज, दोन्ही ऑक्टोबरातली, दोन्ही येमेनला गेली.

पण रेघेकडे नको, तिच्या भोवतीच्या शंकूकडे बघा. केंद्र त्या शंकूत कुठेही असू शकतं. आणि या महिन्यात वळणाचा घोळ असतो. वरच्या थरातले पश्चिमी वारे उत्तर भारतावर खाली उतरायला लागतात. त्यांची एखादी द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) वादळाच्या जवळ आली तर ती त्याला ईशान्येला ओढून नेते. २०१९ चं महा तसंच : आधी ओमानच्या दिशेने गेलं, मग मागे वळून गुजरातकडे आलं. किनाऱ्याजवळ येईपर्यंत मात्र त्याचा जीव गेला होता, कारण तेच वरचे वारे वादळाचा माथा कापतात आणि पश्चिमेकडची कोरडी हवाही आत शिरते.

फयान मात्र वळलं आणि आलंच. ११ नोव्हेंबर २००९, अलिबाग आणि मुंबईच्या मधे.

बंदरावरचा | बुधवार, दुपारी १:२०

फयानचा नाव काढलास म्हणान लिवतंय. (पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत.)

मी तेव्हा खलाशी होतो. आम्ही बंदरापासून तीन-साडेतीन तासांवर. आदल्या संध्याकाळी समुद्र तेलासारखा. तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हातारा होता, त्याने पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, लाट कमी आहे पण लांब आहे, मोज. मी मोजली. एक शेंडा गेला की दुसरा येईपर्यंत बारा-तेरा आकडे. वारा नाही आणि लाट अशी, म्हणजे ती इथली नाही, लांबून आलेली आहे. त्याने जाळं ओढायला सांगितलं. अर्धं आलं, अर्धं अडकलं, त्याने कोयत्याने दोर तोडला. मालक काय म्हणेल, असं मी म्हटलं. तो काही बोलला नाही.

आम्ही पहाटे खाडीत शिरलो. आमच्या मागे असलेल्या सगळ्या बोटी आल्या नाहीत. तेव्हापासून मी लाट मोजतो.

शेतबांध | बुधवार, दुपारी १:५०

यावर काय लिहायचं. वाचलं.

निंबस | बुधवार, दुपारी २:३०

तांडेलाने जे बोटांवर मोजलं तेच आज हैदराबादची इन्कॉईस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था लाटेचा आवर्तकाल (दोन शेंड्यांमधला वेळ) म्हणून देते. बारा सेकंदांची लाट खोल समुद्रात दिवसाला साधारण आठशे किलोमीटर कापते. बहुतेक वादळं त्याच्या निम्म्यानेही चालत नाहीत. म्हणून लाट आधी येते.

इन्कॉईसच्या तक्त्यात "लाटेची उंची ३ मीटर" असं दिसेल, तीही सगळ्यात मोठी लाट नव्हे. ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्या गर्दीत एखादी जवळपास दुप्पट निघू शकते.

पोटमाळा | बुधवार, संध्याकाळी ५:००

ताज्या नोंदी : काल चारला १००८, आज चारला १००६. काल रात्री दहाला वर आला होता, पण काल सकाळच्या दहापेक्षा कमी. मी शिकतोय ना?

जाता जाता, भर जुलैत समुद्र इतका खवळलेला असतो तेव्हा चक्रीवादळं का होत नाहीत?

निंबस | बुधवार, संध्याकाळी ५:२५

शिकताय. दोन मिलिबार खाली हे कालच्या तीनपेक्षा खरं.

जुलैत खालचे वारे नैर्ऋत्येकडून आणि वरचे पूर्वेकडून जोरात वाहतात. उभं होऊ पाहणारं वादळ मधेच तिरकं होऊन मोडतं. समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला असून उपयोग नाही, वरचा-खालचा वारा एकमेकांशी जुळलेला लागतो. ते जुळतं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, म्हणून मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन मोसम. अपवाद असतात : २०२४ च्या ऑगस्टमधलं असना. त्या महिन्यात अरबी समुद्रात त्याआधीचं चक्रीवादळ १९७६ चं.

आंबराई | गुरुवार, सकाळी ६:५०

धागा वर काढतेय. रात्रभर वारा. समोरच्या घराचा पत्रा आमच्या अंगणात. चक्रीवादळाचा अलर्ट आमच्या जिल्ह्याला नाही म्हणे. मग हे काय आहे?

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ७:२०

ताई, आधी सगळे ठीक ना? पत्रा वारा पडेपर्यंत उचलू नका, त्यावर दगड ठेवा. तारांखाली जाऊ नका.

चक्रीवादळाचे इशारे वेगळ्या शिडीवर चालतात. निदान ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग, आणि जमिनीवर येण्याच्या १२ तास आधी, आत शिरल्यावर काय होईल त्याचा अंदाज. ते जिथे धडकणार त्या किनाऱ्यासाठी असतात. इथे केंद्र समुद्रातच आहे, म्हणून ती शिडी आपल्यासाठी सुरूच झाली नाही. आपल्याला मिळतो तो जिल्ह्याचा पाऊस-वाऱ्याचा इशारा आणि नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज. वीज-वाऱ्यासाठी नाऊकास्टच बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲपही आहे.

वारा आता आग्नेयेचा झालाय. पाठ करून बघितलं. डावा हात नैर्ऋत्येला.

बंदरावरचा | गुरुवार, सकाळी ८:१०

बंदर भरला. परजिल्ह्यातल्यो, गुजरातच्यो बोटी पण इल्यो. ओखी वादळाच्या टायमाक देवगडात केरळच्यो बोटी इल्ल्यो, तसाच दिसता. दोन बोटींमधी टायर लावल्यात, नांगराचो दोर लांब सोडल्यानी.

कोणाची बोट भायर आसली तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल सोळावर हाक मारा. तटरक्षक दलाचो नंबर १५५४.

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ८:३०

दोर लांब सोडणं महत्त्वाचं. भरती दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला, अमावास्या नुकतीच झालीय म्हणजे उधाण. आखूड दोरावरची बोट पाणी चढलं की नांगर उचलते किंवा नाक खाली घालते.

पाणी किती चढेल याचा ढोबळ हिशेब : दाब एक मिलिबार घटला की समुद्र सेंटीमीटरभर वर येतो. इथे दाबाने फार तर सात-आठ सेंटीमीटर. भीती त्याची नाही. उधाणाच्या भरतीवर दक्षिणेचा वारा आणि लांबची लाट एकाच वेळी आली, तर खाडीच्या तोंडाशी पाणी ढोपरभर चढतं. दुपारी अकरा ते दीड जेटीच्या टोकाला कुणी फोटोला जाऊ नका. पोरांना सांगा.

शेतबांध | गुरुवार, दुपारी ३:४५

काल संध्याकाळपर्यंत चार गुंठे कापून पडवीत आणलं. बाकी उभं होतं ते रात्री लोळलं. लोंब्या अजून पाण्याच्या वर आहेत. उद्या ऊन आलं तर निघेल.

निंबस | गुरुवार, रात्री १०:१५

डीप डिप्रेशन झालंय, वाट पश्चिम-वायव्येचीच. द्रोणी उत्तरेकडून सरकून गेली, तिची आणि याची गाठ पडली नाही. वळण्याची शक्यता मला आता कमी वाटते. पुढे समुद्रात चक्रीवादळ होईल, कदाचित नावही मिळेल. मग तुमच्या ग्रुपवर पुन्हा सुरू होईल, तेव्हा हा धागा तिकडे डकवा.

पाऊस उद्या दुपारनंतर कमी. लाट अजून दोन दिवस.

पोटमाळा | शुक्रवार, सकाळी १०:१०

१००९! आणि कालच्या दहाशी ताडून सांगतोय : काल १००७ होता.

खाडीकाठ | शुक्रवार, सकाळी ११:००

वारा दक्षिणेचा आणि मवाळ. पाठ केली, डावा हात थेट समुद्राकडे. म्हणजे समोरून निघालं.

ऊन पडलंय म्हणून काही मंडळी बोटी सोडायच्या गोष्टी करताहेत. मी सकाळी जेटीवर उभं राहून मोजलं. तेरा. परत मोजलं, तेरा. खाडीच्या तोंडावर पांढरं फुटतंय. बंदरावरचा, तुम्ही काय म्हणता?

बंदरावरचा | शुक्रवार, सकाळी ११:२०

माझे चौदा इले. बावटो अजून वर आसा. आमी जेटीवरच बसलंव.